शून्य रुपयांचा ग्राहक: भोर-वेल्ह्यात ‘खरेदी सवयी’ मोजताना काय चुकतं?

पीएचडीच्या सिनॉप्सिससाठी विषय शोधताना एक साचा हमखास हाताशी येतो: ‘अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीवर होणारा परिणाम: अमक्या तालुक्याचा अभ्यास’. माझाही पहिला मसुदा असाच होता. ‘ग्राहकांच्या खरेदी सवयींचा व्हिडिओ गेमच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम: भोर व वेल्हे तालुक्यांचा अभ्यास’. शीर्षक भारदस्त वाटत होतं. प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, “गेल्या सहा महिन्यांत तुम्ही किती व्हिडिओ गेम विकत घेतले?”

भोरच्या एसटी स्टँडजवळ चाचणीसाठी फॉर्म भरून घेत होतो. एका मुलाने तिथे शून्य लिहिलं. त्याच्या शेजारच्याने शून्य लिहिलं. मग सगळ्यांनीच. त्यातल्या निम्म्यांच्या हातात त्या क्षणीही गेम चालू होता. एकाने तर फॉर्म परत देताना विचारलं, “दादा, गेम कुठं विकत घ्यायची असती व्हय? टाकायची नि खेळायची.”

त्या दिवशी मला वाटलं, नमुना चुकला. आज वाटतं, नमुना बरोबर होता, प्रश्न चुकला होता. आणि तो नुसता प्रश्नावलीत चुकला नव्हता. ज्या विधानावर अख्खा विषय उभा होता, त्या विधानातच चूक होती. या लेखात मी त्या विधानाची चिकित्सा करणार आहे, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मसुद्यात ते जसंच्या तसं दिसतं.

विधान काय आहे?

विधान साधं आहे: लोक जे विकत घेतात तेच बनतं. वाईट गेम विकत घेतले तर वाईट गेम बनतील, चांगल्यांना पैसे दिले तर चांगले बनतील. थोडक्यात, खरेदी म्हणजे मतदान.

याला अर्थशास्त्रात भक्कम आधार आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ साली मांडलेली ‘प्रकट पसंती’ची कल्पना सांगते की माणसाला काय हवंय हे त्याच्या बोलण्यावरून नव्हे, निवडीवरून ओळखा. पण ही कल्पना गेमच्या बाजाराला लावताना आपण तीन गृहीतकं गुपचूप आत घेतो. एक, खेळणारा आणि विकत घेणारा एकच असतो. दोन, विकत घेताना त्याला वस्तूचा दर्जा कळलेला असतो. तीन, त्याने विकत घेतलं नाही तर ते का घेतलं नाही हे बनवणाऱ्याला समजतं. तिन्ही एकेक करून तपासू.

पहिलं गृहीतक: खेळणारा तोच ग्राहक

भोर-वेल्ह्यात गेमसाठी पैसे खर्च होत नाहीत, असं अजिबात नाही. ते गेमच्या दुकानात खर्च होत नाहीत, इतकंच. खर्च होतो मोबाईलच्या दुकानात आणि रिचार्जवर.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्यानंतर गावोगावी जो फोन पोचला तो कमी रॅमचा, कमी साठवणुकीचा, स्वस्तातला अँड्रॉइड. पुण्याला कामाला असलेल्या मोठ्या भावाचा जुना फोन धाकट्याकडे येतो, ही तर नेहमीची गोष्ट. आता या फोनवर काय चालतं ते बघा. २०१७ साली आलेला गरेनाचा ‘फ्री फायर’ अशाच फोनवर चालेल असा बनवला होता. सामन्यात शंभरऐवजी पन्नास खेळाडू, डाव साधारण दहा मिनिटांचा, चित्रं साधी. ‘पब्जी मोबाईल’ दिसायला सरस होता, पण त्याला फोनही तसाच लागे.

म्हणजे खरेदी सवयीने गेमला आकार दिला का? दिला. पण ती सवय फोन घेण्याची होती. ‘ग्रामीण मुलांना साधे ग्राफिक्स आवडतात’ असा निष्कर्ष काढला तर तो पूर्ण उलटा पडेल. त्यांना काय आवडतं हे आपण विचारलेलंच नसतं. त्यांच्या फोनला काय झेपतं, तेवढंच आपण मोजलेलं असतं.

दुसरी बाजू पैसे देणाऱ्याची. फुकट गेमचा खर्च दोन ठिकाणांहून निघतो. काही गेममध्ये जाहिरातदार पैसे देतो, आणि विकली जाते ती खेळणाऱ्याची नजर. डॅलस स्माइद यांनी १९७७ साली रेडिओ-टीव्हीबद्दल हाच मुद्दा मांडला होता: प्रेक्षक हाच माल आहे. दुसऱ्या प्रकारच्या गेममध्ये खेळणाऱ्यांपैकी थोडे लोक हिरे, पोशाख, बंदुकीची रंगीत ‘स्किन’ यांवर भरपूर पैसे घालतात. या धंद्यात अशा मोठ्या गिऱ्हाइकाला ‘व्हेल’ म्हणतात. बाकीचे शून्य रुपये देतात. पण ते नसतील तर त्या महागड्या पोशाखाकडे बघायला मैदानात कोण उरणार? शून्य लिहिणारा मुलगा म्हणजे या बाजारातली गर्दी. ती गर्दी असते म्हणून दुसऱ्याला पोशाख विकता येतो.

म्हणून ‘ग्राहक’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिण्यापूर्वी त्याचे तुकडे करा: खेळणारा कोण, पैसे देणारा कोण, फोन कुणाचा, रिचार्ज कोण मारतं, आणि यूपीआय कुणाच्या खात्याला जोडलंय. एका घरात ही पाच वेगवेगळी माणसं असू शकतात.

दुसरं गृहीतक: घेणाऱ्याला दर्जा कळतो

जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध वाचला नसेल तर जरूर वाचा, अगदी मराठी वाङ्मयाचे विद्यार्थी असाल तरी वाचा. युक्तिवाद असा: विकणाऱ्याला गाडी खराब आहे हे माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर पडतात. इथे घेणाऱ्याची आवड वाईट नसते, तरी बाजार वाईट मालाने भरतो.

आपल्याकडे याचं उदाहरण नव्वदच्या दशकात घरोघर होतं. टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ यायचा, म्हणजे जपानी निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असायचं. घरी आणून लावली की कळायचं, मूळ गेम मोजकेच. बाकी तेच पुन्हा पुन्हा, नाव आणि पातळी बदलून. तरी आपण मोठा आकडा बघूनच कॅसेट घ्यायचो. दुकानात दर्जा तपासायची दुसरी सोयच नव्हती, म्हणून आकडा हाच दर्जा झाला.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९८३ साली तिथला घरगुती गेमचा बाजार कोसळला. दुकानं निकृष्ट गेमनी भरली होती. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोजवळ जमिनीत पुरल्या. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा त्या खरोखर सापडल्या. लोकांनी पाठ फिरवली, पण त्याने चांगले गेम वाचले नाहीत. वाइटाबरोबर चांगलेही बुडाले. १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरलं तेव्हा त्यांनी यंत्रात कुलूप-चिप घातली, आणि परवानगीशिवाय कुणाची कॅसेट चालेना. खोक्यावर दर्जाचा शिक्काही आला. बाजार सावरण्यात या दारवानाचा वाटा मोठा होता, आणि त्याने स्वतःची किंमतही वसूल केली. एकट्या ग्राहकाच्या पाकिटाने ते काम झालं नाही.

“पण आता रिव्ह्यू असतात, यूट्यूब असतं,” असं कुणी म्हणेल. बरोबर. तरी डिसेंबर २०२० मधला ‘सायबरपंक २०७७’ आठवा. सुमारे ८० लाख लोकांनी तो बाजारात येण्यापूर्वीच पैसे भरून ठेवले होते. आल्यावर जुन्या कन्सोलवर तो इतका बिघडलेला निघाला की सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. नंतर दुरुस्त्या होत गेल्या आणि तो चांगला गेम म्हणून ओळखला जाऊ लागला, हेही खरं. पण आगाऊ पैसे देणाऱ्याने दर्जाला मत दिलं नव्हतं. त्याने जाहिरातीला मत दिलं होतं. माहिती हाती येण्यापूर्वीच पैसे देण्याची सवय हीसुद्धा एक खरेदी सवयच आहे, आणि गुणवत्तेवर तिचा परिणाम बहुधा उलटा होतो. या सवयीचा अभ्यास करता येईल. पण तो भोरच्या स्टँडवर नाही, पुण्यातल्या कन्सोलवाल्यांमध्ये करावा लागेल.

तिसरं गृहीतक: न घेणं बोलकं असतं

अल्बर्ट हर्शमन यांचं १९७० मधलं एक पुस्तक यासाठी उपयोगी आहे. त्यांच्या मते नाराज माणसाकडे दोन मार्ग असतात: सोडून जाणं आणि बोलणं. सोडून जाण्याने तक्रार आहे एवढं कळतं, काय तक्रार आहे ते कळत नाही. ते बोलण्यातूनच कळतं.

२०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या महागड्या गेममध्ये पुन्हा वर पैसे भरून नशिबाच्या पेट्या उघडायची सोय होती. खेळाडूंनी इतका आरडाओरडा केला की प्रकाशनाच्या आदल्या दिवशी ईए कंपनीने ती खरेदी बंद केली. पुढच्या वर्षी बेल्जियमने काही गेममधल्या अशा पेट्या जुगार ठरवल्या. इथे दबाव आणला तो आवाजाने, बातम्यांनी आणि कायद्याने. विक्रीचे आकडे जमा होण्यापूर्वीच निर्णय झाला होता.

आपल्याकडचं उदाहरण ‘फौजी’ म्हणजेच ‘फौ-जी’चं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जी मोबाईलवर बंदी घातली. बंगळूरच्या एनकोअर गेम्सने २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौ-जी’ आणला. देशी पर्याय म्हणून लोकांनी तो धडाधड उतरवून घेतला आणि प्ले स्टोअरवरचं त्याचं रेटिंग झपाट्याने घसरलं. अनेकांना पब्जीसारखी लढत हवी होती. सुरुवातीला मिळाली ती हाणामारीची मोहीम. आता सांगा, इथे ‘पसंती’ कोणती? डाउनलोड बघितलं तर गेम यशस्वी, रेटिंग बघितलं तर अयशस्वी. रेटिंगमध्ये गेमबद्दलचा राग किती आणि पब्जी गेल्याचा राग किती, हेही वेगळं काढता येत नाही. एकच आकडा उचलून निष्कर्ष काढणाऱ्याची इथे फसगत ठरलेली.

आणि पब्जी गेला तो तरी कुणाच्या खरेदी सवयीमुळे? कुणाच्याच नाही. तो सरकारी निर्णय होता. २ जुलै २०२१ रोजी तोच गेम ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला. ‘फ्री फायर मॅक्स’ मात्र राहिला. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि त्या धंद्याची दिशाच बदलली. भारतातल्या गेम उद्योगाचा कल मांडताना खरेदी सवयींना पहिलं कारण मानलं, तर ही सगळी वळणं ‘इतर घटक’ म्हणून तळटीपेत जातील. माझ्या मसुद्यात ती तशीच गेली होती.

पुण्यात बनलेला, वेल्ह्यात न पोचलेला गेम

आता या विषयातलं सगळ्यात जवळचं उदाहरण. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बनवला. प्राचीन भारतातली एक मुलगी, असुरांनी नेलेला तिचा भाऊ, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी दृश्यं. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न केला. उद्दिष्ट गाठता आलं नाही. तरी काम चालू ठेवलं. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आला तो आधी निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे भारतात तेव्हा अधिकृतपणे विकल्याही न जाणाऱ्या यंत्रावर. ऑक्टोबरमध्ये तो पीसी आणि इतर कन्सोलवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन होतं. राजी आधी इंग्रजीत बोलली. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला.

यात मला स्टुडिओचा दोष दिसत नाही. असा गेम पैसे मोजून घेणारं गिऱ्हाईक बहुतांशी परदेशात होतं, आणि गेम आधी तिकडे गेला. ‘खरेदी सवयी गेमला आकार देतात’ हे विधान इथे खरं ठरतं. पण कुणाच्या खरेदी सवयी? तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या मुलाच्या नव्हेत. पुण्यात बसून बनवलेला गेम कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या भाषेत आधी येणार, यात त्याला मत नव्हतं.

आणि या मुलाने ‘राजी’ विकत घेतला नाही म्हणून त्याला ‘राजी’ नको होता, असं म्हणता येईल का? तो त्याच्यासमोर कधी आलाच नव्हता. पसंती आणि उपलब्धता यांची गल्लत ही या विषयातली सगळ्यात महाग चूक आहे. ‘ग्रामीण युवकांमध्ये दर्जेदार गेमबाबत उदासीनता आढळते’ हे वाक्य प्रबंधात लिहायला एक मिनिट लागतं. उद्या तेच वाक्य कुणाच्या तरी अहवालात जातं, आणि मराठीत, साध्या फोनवर चालणारा चांगला गेम कशाला बनवायचा, याचं उत्तर म्हणून वापरलं जातं. ज्याने शून्य लिहिलं त्याच्याच विरोधात त्याचं शून्य पुरावा होतं.

पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा फुकट बॅटल रोयाल गेम मोबाईलवर आणला. ‘राजी’ आणि ‘इंडस’, शहर एक, वाटा दोन: पैसे देणारा दूरचा खेळाडू, की पैसे न देणारा जवळचा खेळाडू. यातला कुठला गेम चांगला, यापेक्षा या दोन वाटांनी गेमच्या घडणीत काय काय बदलतं, हा तुलनेचा विषय मला जास्त कसदार वाटतो.

मग विधान टाकून द्यायचं का?

नाही. काही ठिकाणी ते चोख लागू पडतं. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. लोकांनी यथेच्छ टिंगल केली आणि विकतही घेतलं. त्यानंतर गेममध्ये किरकोळ वस्तू विकणं नेहमीचं होत गेलं. टिंगल कंपनीच्या वहीत नोंदली जात नाही, विक्री जाते. फुटबॉलचा गेम दरवर्षी नव्या आकड्याने येतो आणि खपतो, म्हणून पुढच्या वर्षीही येतो. म्हणजे पैसे देणाऱ्या, निवड उपलब्ध असलेल्या गटाबाबत विधान खरं आहे. चूक आहे ती हाच नियम सगळ्या खेळणाऱ्यांना लावण्यात.

मी आता काय विचारतो

प्रश्नावली बदलली. “किती गेम विकत घेतले?” हा प्रश्न काढला. त्याऐवजी आता हे विचारतो:

फोन कुणाचा आहे, नवा घेतला की घरातून आला? साठवण किती? महिन्याचा रिचार्ज कोण करतं? आजचा डेटा संपल्यावर काय करता? गेममध्ये कधी पैसे घातले का, आणि ते कुणाच्या खात्यातून गेले? आणि शेवटी, फोन भरला तेव्हा कोणता गेम काढून टाकला, आणि का?

या शेवटच्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. ज्याच्याकडे गेमसाठी पैसे नाहीत त्याच्याकडेही फोनमधली जागा मोजकीच असते. एकीकडे घरच्या लग्नाचे फोटो, एकीकडे कॉलेजच्या नोट्स, एकीकडे गेम. काय ठेवायचं, काय उडवायचं, हा खरा हिशेब आहे. या हिशेबात दर्जाची व्याख्याही बदलते. डोंगराआड रेंज गेली तरी डाव न तुटणारा गेम वेल्ह्यात ‘चांगला’ असतो. पुण्यातल्या समीक्षकाच्या यादीत हा निकष बहुधा नसतो.

तीन सावधगिऱ्या. भोर आणि वेल्हे हा एक जोडशब्द म्हणून वापरू नका. भोर हे जुन्या संस्थानचं, बाजारपेठेचं, नगरपालिकेचं गाव. वेल्हे तालुक्यात असं शहरच नाही. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढली तर दोन्ही हरवतात. दुसरं, मुलींना वेगळं विचारा, आणि स्टँडवर नको. तिथे भेटतात ती बहुतेक मुलगेच. तिसरं, अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची लेखी संमती हवीच. फोन, खातं, खर्च हे घरातले नाजूक विषय आहेत. मुलाने बापाच्या खात्यातून हिरे घेतले हे तुमच्या फॉर्ममुळे घरी कळलं, तर मार खाणारा तुम्ही नसता.

मार्गदर्शकांनी नवं शीर्षक वाचून “हे जरा साधं वाटतंय” म्हटलं. ते असं आहे: ‘गेम न विकत घेणारे खेळाडू: भोर व वेल्हे तालुक्यांत मोबाईल गेम निवडण्याच्या, टिकवण्याच्या व काढून टाकण्याच्या पद्धती’. साधं आहे, पण निदान त्या पोराने लिहिलेल्या शून्याला यात जागा आहे. ते जुने फॉर्म मी फेकले नाहीत. चाचणीतली चूक म्हणून ते पहिल्या प्रकरणात घालणार आहे. तुमचेही असतील तर ठेवा.